आमची रंगविद्या : आल, नीळ आणि पुडीचा रंग

आपल्या समाजाच्या यंदाच्या स्मरणिकेकरिता इतिहासविषयक चार शब्द लिहून द्यावेत, अशी आज्ञा संपादक मंडळाने या वृद्ध शिक्षकास केली. प्रस्तुत लेखक कोणी इतिहाससंशोधक नव्हे. जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेला, कारंजे तालुक्यातील धनज येथे जन्मलेला आणि मुलांना बाराखडी व पाढे शिकविण्यात हयात घालविलेला तो एक सामान्य मनुष्य आहे. तथापि ज्या धंद्यावरून आपणांस रंगारी हे नाव पडले, त्या धंद्याची हकिकत आपल्या तरुण पिढीस जवळजवळ अज्ञात आहे. एका विवाहसमारंभात एका सुशिक्षित तरुणाने मला विचारले, "गुरुजी, रंगारी म्हणजे भिंती रंगविणारे ना?" त्या प्रश्नाने मनाला जो चटका बसला, त्यातूनच हा लेख जन्मास आला आहे. त्यात काही उणे आढळल्यास वाचकांनी उदार मनाने क्षमा करावी.

धंद्याची प्राचीनता

कापसाचे सूत रंगविण्याची कला आपल्या देशात किती जुनी आहे, हे सिंधू नदीच्या काठी मोहेंजोदडो येथे झालेल्या उत्खननाने सिद्ध झाले आहे. तेथे एका चांदीच्या पात्राला चिकटून राहिलेला सुती कापडाचा तुकडा सापडला आणि तो मंजिष्ठेच्या वर्गातील तांबड्या रंगाने रंगविलेला असल्याचे तपासणीत दिसून आले. म्हणजे आजपासून चार हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी आपल्या लोकांना सुतावर पक्का तांबडा रंग बसविता येत होता. लोकर व रेशीम ही प्राणिज द्रव्ये रंग चटकन पितात; कापूस मात्र सहजासहजी रंग धरीत नाही. त्याला रंग धरावयास लावणे हीच खरी विद्या आणि ती विद्या जगाने पुष्कळ अंशी हिंदुस्थानापासून घेतली. ग्रीक लोक निळीला 'इंडिकॉन', म्हणजे हिंदची वस्तू, असे म्हणत. त्यावरूनच इंग्रजी 'इंडिगो' हा शब्द निघाला. आपल्या 'छींट' या शब्दाचे इंग्रजांनी 'चिंट्झ' केले आणि बांधणीच्या रुमालाचा 'बँडॅना' झाला.

आपल्या समाजाची उत्पत्ती सांगताना वडीलधारी मंडळी परशुरामाची कथा सांगतात. परशुरामाच्या भयाने क्षत्रिय राजपुत्र हिंगलाजमातेस शरण गेले, मातेने त्यांस अभय दिले आणि पुढे त्यांच्या वंशजांनी शस्त्र टाकून रंगाचे भांडे हाती घेतले, असे तिचे तात्पर्य आहे. ही कथा श्रद्धेचा विषय आहे. तिला इतिहासाच्या तराजूत घालू नये. इतिहासाला जे सांगता येते ते एवढेच की, रसेल व रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांत व वऱ्हाडातील जातीजमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात छिपा, रंगारी, भावसार, निराळी व नीलगर ही नावे एकाच प्रकरणात आली आहेत आणि छिपा व रंगारी मिळून संख्या सुमारे २३,००० दिली आहे. वऱ्हाडात कापूस मोठा, म्हणून विणकर पुष्कळ. आणि विणकर पुष्कळ, म्हणून रंगारीही पुष्कळ, असा हा सरळ हिशेब होता.

आपल्या शेजारचे कारंजे हे तर पूर्वीपासून उंची मालाची पेठ म्हणून गाजलेले. १६७० साली शिवछत्रपतींच्या फौजेने कारंजे लुटले, तेव्हा उंची वस्त्रे, सोने व चांदी वाहून नेण्यास चार हजार बैल व गाढवे लागली, असे इतिहासकार लिहितात. ती वस्त्रे कोणी रंगविली त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. लुटीचा हिशेब राहिला, कारागिरांचा राहिला नाही.

वऱ्हाडातील चार रंग

जुन्या काळी आपल्या भागात रंगाऱ्याचे मुख्य रंग चार : आलाचा तांबडा, कुसुंब्याचा गुलाबी, हिरड्याचा काळा आणि निळीचा निळा. पिवळ्याकरिता हळद व पळसाची फुले होतीच. पण ते रंग कच्चे समजले जात.

यांत मानाचे स्थान आलाचे. आल म्हणजे बारतोंडीच्या वर्गातील झाड. काळ्या जमिनीत पावसाळ्याच्या प्रारंभी त्याचे बी पेरीत आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी खोल खणून मुळ्या काढीत. बारीक मुळीला भाव सर्वांत अधिक, मध्यम मुळीला कमी आणि जाड मुळीला जवळजवळ काहीच नाही. याचे कारण असे की, रंग मुळीच्या सालीत असतो; बारीक मुळीत साल अधिक व लाकूड कमी असते. या मुळ्यांची पूड करून जो तांबडा रंग निघे, त्याने खारवा नावाचे जाडेभरडे कापड रंगवीत. सावकाराच्या वहीखात्याचे वेष्टन, गाद्यांची खोळ, जाजमे, पागोटी, या सर्वांना हा खारवा लागे. आलाच्या कापडाला वाळवी लागत नाही, अशीही लोकांची समजूत होती.

पण नुसती मुळी उकळून कापड बुडविले तर तांबडा रंग बसत नाही. मळकट पिवळसर डाग तेवढा पडतो व तो धुण्यात निघून जातो. याकरिता आधी कापडाची तयारी करावी लागे. प्रथम एरंडेल अथवा तिळाचे तेल आणि पापडखार यांच्या दुधासारख्या मिश्रणात कापड पुनःपुन्हा मळून उन्हात वाळवीत. नंतर हिरड्याच्या पाण्यातून काढीत. मग तुरटीच्या पाण्यात बुडवीत. एवढे झाल्यावर आलाच्या पुडीसह पाण्यात घालून अगदी मंद आचेने हळूहळू तापवीत. घाईने उकळी आणली तर मुळीतील इतर द्रव्ये उतरून रंग तपकिरी होई. या सर्व कामास कित्येक दिवस लागत.

या प्रत्येक पायरीचे कारण आज रसायनशास्त्राने उलगडले आहे. रंगाचा कण आणि कापसाचा तंतू यांची आपसांत ओळख नसते. ती करून देणारा मध्यस्थ म्हणजे तुरटीतील ॲल्युमिनियम ही धातू होय. अशा मध्यस्थ द्रव्यास रंगबंधक म्हणतात. परंतु कापूस तुरटीलाही नीट धरीत नाही. म्हणून आधी हिरड्यातील तुरट द्रव्य तंतूवर बसवावयाचे, ते तुरटीला धरते व तुरटी रंगाला धरते. तेलाने या साखळीस चकाकी व टिकाऊपणा येतो. आमच्या पूर्वजांस ॲल्युमिनियम हे नाव ठाऊक नव्हते, पण त्याच्याकडून काम कसे करून घ्यावयाचे हे त्यांस पूर्णपणे ठाऊक होते.

कुसुंबा हा करडईच्या फुलांचा रंग. वाळलेली फुले पाण्यात तुडवून त्यांतील पिवळा रंग प्रथम धुऊन टाकीत. मग त्यांत पापडखार चोळून तांबडा रंग पाण्यात उतरवीत आणि अखेरीस लिंबाचा रस पिळीत. रस पडताच पाण्याचा रंग पालटून सुंदर गुलाबी छटा येई व ती कापडावर बसे. हा रंग लग्नकार्याचा. फार देखणा, पण उन्हाला व धुण्याला न टिकणारा. काळ्या रंगाची कृती त्याहून सोपी : हिरड्याच्या पाण्यातून काढलेले कापड हिराकसाच्या पाण्यात बुडविले की ते काळे होई. जुन्या शाळांतून लिहिण्याची शाई याच दोन द्रव्यांपासून करीत. रंगाऱ्याचे भांडे व पंतोजींची दौत यांचे गोत्र एकच, हे सांगताना या शिक्षकास थोडा अभिमान वाटतो.

निळीची गोष्ट सर्वांहून निराळी. नीळ पाण्यात विरघळतच नाही. मग ती तंतूत शिरणार कशी? त्याकरिता जमिनीत पुरलेल्या रांजणात नीळ, चुना, गूळ आणि तरोट्याचे शिजविलेले बी घालून ते आंबवीत. आंबविण्याच्या क्रियेने निळीतील निळेपणा नाहीसा होऊन ती चुन्याच्या पाण्यात विरघळते व पाणी हिरवट पिवळे दिसते. त्यात बुडवून वर काढलेले कापड प्रथम पिवळट असते. वारा लागताच ते डोळ्यांदेखत हिरवे व मग निळे होते. हवेतील प्राणवायूने नीळ पुन्हा मूळ रूपास येते आणि तंतूच्या आत कोंडली जाते. पुष्कळ ठिकाणी हे काम निराळी लोकांकडे असे. परंतु लहान गावी असे भेद पाळणे परवडत नसे. आमच्या घराच्या परसातही असा एक रांजण होता. त्याचे काठ मी लहानपणी पाहिले आहेत.

डांबरातून निघालेले इंद्रधनुष्य

१८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी हिवतापावरील क्विनीन हे औषध कृत्रिम रीतीने करण्याच्या खटपटीत होता. क्विनीन काही झाले नाही. भांड्याच्या तळाशी काळा गाळ मात्र उरला. तो टाकून न देता त्याने मद्यार्कात विरघळविला, तेव्हा सुंदर जांभळा रंग निघाला. हाच डांबरापासून निघालेला पहिला व्यापारी रंग होय. त्याने त्याचे पेटंट घेतले व पुढच्याच वर्षी कारखाना काढला. दगडी कोळशाचे डांबर ही तोवर टाकाऊ वस्तू होती. तिच्यातून इंद्रधनुष्य बाहेर पडले.

पर्किनने ज्या द्रव्यापासून आरंभ केला, त्याचे नाव ॲनिलीन. हे नाव कोठून आले हे पाहिले म्हणजे मौज वाटते. आपल्या संस्कृत 'नील' शब्दाचे अरबांनी 'अल्-नील' केले, पोर्तुगीजांनी त्याचे 'अनिल' केले, आणि निळीच्या ऊर्ध्वपातनाने जो तेलकट पदार्थ युरोपात निघाला त्यास १८४० च्या सुमारास त्यावरून 'ॲनिलीन' हे नाव देण्यात आले. अर्थात ज्या पुडीने आमचा धंदा बुडविला, तिच्या नावात आमचीच नीळ आहे.

यानंतर घाव एकामागून एक पडत गेले. १८६८ साली ग्रेब व लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनी मंजिष्ठेतील तांबडा रंग, अलिझरीन, डांबरातील द्रव्यापासून तयार केला व पुढच्या वर्षी त्याची कारखान्यात करावयाची रीत सापडली. फ्रान्स व हॉलंडमधील मंजिष्ठेची शेती थोड्याच वर्षांत बुडाली. आलातील रंग हा रसायनदृष्ट्या अलिझरीनचा भाऊबंदच. तेव्हा जे फ्रान्समधील शेतकऱ्याचे झाले तेच वऱ्हाडातील आल पिकविणाऱ्याचे झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी ते पीक नामशेष होत आले होते.

निळीकरिता जर्मनांनी अधिक तप केले. बायर याने १८८० च्या सुमारास ती प्रयोगशाळेत बनविली व १८८३ मध्ये तिची रासायनिक घडण उलगडली. पण ती स्वस्तात करण्यास बी.ए.एस.एफ. या कंपनीस पुढे कितीतरी वर्षे खपावे लागले व १८० लाख सुवर्ण मार्क खर्चावे लागले. एक अडलेली पायरी, उष्णतामापक फुटून त्यातील पारा भांड्यात पडल्यामुळे सुटली, असे सांगतात. १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आली. त्या वर्षी झाडापासून निघणारी नीळ जगात सुमारे १९,००० टन होती. १९१४ पर्यंत ती सुमारे १,००० टनांवर आली.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. झाडाची नीळ गेली म्हणून सर्वांनीच अश्रू ढाळले असे नाही. बंगालमध्ये १८५९-६० साली निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध रयतेने उठाव केला होता; चंपारण्यात 'तीनकाठिया' पद्धतीने रयतेला दर बिघ्यामागे तीन काठे जमिनीत नीळ लावणे भाग पाडले जाई, आणि कृत्रिम निळीमुळे मळेवाल्यांचा तोटा होऊ लागताच तो वाढीव खंडाच्या रूपाने रयतेवरच लादण्यात आला. याच गाऱ्हाण्याकरिता महात्माजी १९१७ साली तेथे गेले. तात्पर्य, जुने ते सर्वच सोने नव्हते.

रंगाऱ्याचे काय झाले?

आपल्या समाजात असा एक समज रूढ आहे की, विलायती रंग आले आणि रंगारी बुडाला. हे अर्धेच खरे आहे. अलिझरीन व ॲनिलीनचे रंग प्रथम आले तेव्हा आपल्याच लोकांनी ते आनंदाने उचलले. देवादिकांची चित्रे लावलेले जर्मन रंगांचे डबे खेडोपाडी पोहोचले. कित्येक दिवसांचे काम एका दिवसावर आले. रंगाऱ्याला चार पैसे अधिक मिळू लागले. आल पिकविणारा मेला, रंगारी त्या वेळी जगला.

खरा घाव दुसरीकडून आला. १८८४ साली काँगो रेड नावाचा तांबडा रंग निघाला. त्याचा विशेष असा की, त्याला तुरटी नको, हिरडा नको, तेल नको. पाण्यात रंग व मूठभर मीठ टाकून कापड उकळले की झाले. हा रंग पक्का नव्हता. आंबट लागले तर निळा पडे. पण त्याच्यापाठोपाठ त्याच जातीचे अनेक रंग आले. रंगबंधकाची गरज उरली नाही, आणि ज्याला रंगबंधकाची गरज नाही त्याला रंगाऱ्याचीही नाही. बाजारातून पुडी आणून कोणतीही गृहिणी आपले लुगडे घरी रंगवू शकली. आमचे पोट ज्या गुपितावर भरत होते ते गुपितच निरुपयोगी झाले.

त्यातच गिरण्या आल्या. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. पुढे वऱ्हाडातही गिरण्या निघाल्या. रंगविलेले सूत व छापील कापड गिरणीतूनच येऊ लागले. पहिल्या महायुद्धात जर्मन रंग बंद झाले, भाव कडाडले, व काही काळ देशी रंगांस पुन्हा मागणी आली. पण युद्ध संपताच ती ओसरली. आमचे वडील धनजच्या आसपासच्या आठवडी बाजारांतून लुगडी रंगवून देत, पोळ्याच्या आधी बैलांच्या झुली रंगवीत. टेरिलीन व पॉलिएस्टरची लुगडी आली तेव्हा तेही संपले. कारण त्या धाग्यावर साध्या पुडीचा रंग चढत नाही. समाजातील कोणी शिवणकाम धरले, कोणी दुकान मांडले, कोणी माझ्यासारखे मास्तर झाले.

विद्या प्रयोगशाळेत गेली

जर्मनांजवळ असे काय होते जे आमच्याजवळ नव्हते? बुद्धी होती म्हणावे तर आलाच्या सात पायऱ्या शोधणाऱ्याला बुद्धी कमी नव्हती. माझ्या अल्प मतीप्रमाणे फरक एवढाच की, त्यांनी प्रत्येक प्रयोग लिहून ठेवला, फसलेला देखील. आमच्या लोकांनी विद्या पोटात ठेवली. बाप मुलाला सांगे, जावयाला सांगत नसे. पर्किनचा काळा गाळ कागदावर गेला म्हणून दुसरा त्यापुढे जाऊ शकला. इंग्रज रंगतज्ज्ञ टॉमस वॉर्डल याने मागील शतकाच्याही मागील शतकात हिंदी रंगद्रव्ये गोळा करून तीन-साडेतीन हजार रंगीत नमुन्यांचे खंड सिद्ध केले. आमच्या रंगांची वही परक्याने लिहिली, हे आपणांस भूषणास्पद नाही.

आपल्या देशात हा विचार प्रथम ज्यांनी ओळखला त्यांत प्रो. त्रिभुवनदास गज्जर यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. १८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यास कलाभवन निघाले. त्याचे ते प्रवर्तक. रंगकामाचे शास्त्रीय शिक्षण तेथे देशी भाषेतून देण्याचा त्यांनी आग्रह धरला. मुंबईतील राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्यास चापेकर बंधूंनी १८९६ साली डांबर फासले, तेव्हा इतरांस न साधलेले ते डांबर काढण्याचे काम याच गज्जरांनी केले. डांबरातून रंग काढण्याचे युग होते ते. गज्जरांना डांबरच काढावे लागले.

१९३३ साली मुंबई विद्यापीठात रसायनतंत्र विभाग स्थापन झाला. तेथे १९३८ पासून डॉ. कृष्णस्वामी वेंकटरामन हे संचालक होते. त्यांनी संपादिलेला कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरील ग्रंथ १९५२ साली दोन खंडांत निघाला व पुढे १९७८ पर्यंत त्याचे आठ खंड झाले. जगातील रंगरसायनज्ञ तो प्रमाण मानीत. जे जर्मनीस जाऊन शिकावे लागे ते मुंबईस बसून एका भारतीयाने जगाला शिकविले, ही लहान गोष्ट नव्हे. १९५७ साली ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्यानंतर १९६६ मध्ये ते पद रंगरसायनज्ञ डॉ. बाळ दत्तात्रेय टिळक यांच्याकडे आले. उद्योगातही प्रगती झाली. कस्तुरभाई लालभाई यांनी १९४७ साली स्थापिलेल्या अतुल कारखान्याचे उद्घाटन १९५२ साली पंडित नेहरूंनी केले. १९५६ साली इंग्लंडमध्ये कापसाच्या तंतूशी रासायनिक संयोग पावणारे नवे रंग निघाले. आज सुती कापडाचा बराच भाग त्याच वर्गातील रंगांनी रंगतो.

मात्र या रंगांचे दुसरे अंगही पाहिले पाहिजे. १८९५ साली लुडविग रेन या जर्मन शस्त्रवैद्याने रंगकारखान्यातील कामगारांस मूत्राशयाचा कर्करोग होत असल्याचे दाखवून दिले. काही ॲझो रंग विघटन पावून तशीच घातक द्रव्ये देतात, म्हणून जर्मनीने १९९४ साली व भारत सरकारने १९९७ साली त्यांवर बंदी घातली. नवे रंग सर्वच्या सर्व कापडाला धरत नाहीत. उरलेला रंग व पुष्कळसे मीठ पाण्यात जाते. इचलकरंजीच्या बाजूस पंचगंगेची काय अवस्था झाली, हे वृत्तपत्रे वाचणाऱ्यास सांगावयास नको. यामुळे वनस्पतिज रंगांकडे लोकांचे लक्ष पुन्हा वळले आहे. वर्ध्यास १९३८ साली महात्माजींच्या हस्ते उघडलेल्या मगन संग्रहालयाच्या वतीने अशा रंगांची खादी तयार होते. सर्व जगाचे कापड झाडपाल्याने रंगेल असे मात्र मी म्हणणार नाही. तेवढी जमीन कोठून आणावयाची? पण थोडे जरी रंगले तरी ते ज्ञान जिवंत राहील.

एका अपुऱ्या वहीची गोष्ट

आता शेवटी स्वतःचा एक अपराध सांगतो. १९८२ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेलो असता वडील म्हणाले, "मास्तर, तू लोकांच्या पोरांना लिहावयास शिकवतोस, माझे चार शब्द लिहून घे." वडिलांना अक्षरओळख नव्हती. मी शाळेची शंभर पानी वही काढली. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. मापे सगळी मूठ, छटाक, पायली अशी. तीन संध्याकाळी आम्ही बसलो. नऊ कृती पुऱ्या झाल्या. दहावी निळीची. ती सांगता सांगता जेवणाची वेळ झाली, आणि दुसऱ्या दिवशी मला पाहुणचारास जावयाचे होते. "पुढल्या सुट्टीत पुरे करू," असे मी म्हणालो. त्यानंतरच्या माघात वडील वारले.

त्या वहीतील शेवटची ओळ अशी आहे : "तिसऱ्या दिवशी रांजणाचा वास पालटतो, तो असा यावा की..." यापुढे पान कोरे आहे. पाण्याचा रंग कसा दिसावा, फेस कसा यावा, हे मी नंतर पुस्तकांतून वाचले. परंतु वास कसा यावा हे कोणत्याही पुस्तकात मला मिळाले नाही. ते वडिलांच्या नाकास ठाऊक होते, आणि त्यांच्या वडिलांच्या.

१९९४ साली शाळेतील मुलांना घेऊन मी आलाची कृती करून पाहिली. शेताच्या बांधावरील बारतोंडीची मुळे आणली. पहिल्या खेपेस पत्र्यावरून साठविलेले पावसाचे स्वच्छ पाणी वापरले. रंग विटकरी व मलूल आला. वही पुन्हा वाचली, तेव्हा समासात वडिलांचे एक वाक्य दिसले, जे मी निरर्थक समजून बारीक अक्षरात टिपले होते : "पाणी खाऱ्या विहिरीचे घ्यावे." दुसऱ्या खेपेस तसे केले. रंग पुष्कळच उजळ तांबडा आला. पुढे वाचनात आले की, या जातीच्या तांबड्या रंगास पाण्यातील चुन्याचा अंश आवश्यक असतो. ज्या वाक्याला मी निरर्थक समजलो त्यातच सगळी कृती होती. मॅट्रिक झालेल्या मुलापेक्षा निरक्षर बापाला अधिक कळत होते.

समाजबंधुभगिनींनो, आपण दरवर्षी या स्मरणिकेत गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे छापतो, देणगीदारांची नावे छापतो. ते योग्यच आहे. परंतु आपल्या घरांत अजून ऐंशी-नव्वदीच्या काही वृद्ध माता आहेत, ज्यांनी सासरी आल्यावर रंगाचे हंडे ढवळले आहेत. काही वृद्ध आहेत, ज्यांनी बापाबरोबर बाजारात पाल ठोकले आहे. त्यांच्याजवळ बसा. ते काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. निरर्थक वाटले तरी लिहा. कोणते भांडे, कोणत्या विहिरीचे पाणी, कोणती मूठ, कोणता वास, हे सगळे लिहा. 'पुढल्या सुट्टीत' असे म्हणू नका. पुढील वर्षाच्या स्मरणिकेत चार पाने संपादक मंडळाने त्याकरिता राखून ठेवावीत, अशी माझी नम्र विनंती आहे.

धंदा गेला, त्याचे दुःख मी करीत नाही. आपल्या मुलामुलींचे हात आता लेखणी व यंत्रे धरतात, हे चांगलेच झाले. त्यांच्यापैकी एखादा रसायनशास्त्र शिकून वेंकटरामन यांच्या वाटेने जाईल, तर आलाच्या पुडीत ज्यांचे हात तांबडे झाले त्या पूर्वजांचे सार्थक होईल. पण त्याला मागे वळून पाहावेसे वाटले, तर पाहावयास काहीतरी लिहिलेले असावे. आमच्या घरच्या वहीचे दहावे पान कोरे राहिले आहे. ज्या कोणाच्या घरी निळीच्या रांजणाच्या वासाची आठवण शिल्लक असेल, त्याने ती धनजच्या या वृद्ध शिक्षकास कळवावी. ते पान मी अजून मोकळे ठेवले आहे.